मांजर, मासे आणि युनिटं

काय पाळायचं यावरून आमच्या घरात दोन तट पडले. कन्येला मांजर हवं, सौभाग्यवतींना मासे. बँकेतल्या कारकुनाला यात फंडच दिसणार! मांजर ओपन-एंडेड, हवं तेव्हा आत, हवं तेव्हा बाहेर. मासे क्लोज-एंडेड, नकोसे झाले तर गिऱ्हाईक शोधा.

१९६४ची यूएस-६४ मांजराच्या जातीची, १९८६ची मास्टरशेअर माशांच्या. दार उघडं म्हणून कित्येक पेन्शनरांनी आयुष्याची पुंजी मांजराकडे ठेवली. जुलै २००१मध्ये युनिटांची परतखरेदीच थांबली. दार बंद!

उघडं दार कुणीतरी उघडं ठेवलेलं असतं, हे तेव्हा कळलं.

शेवटी मांजरच आणलं. दाराची कडी मात्र रोज मीच तपासतो.