रूटची किल्ली नसलेल्यांची गोष्ट

पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग वेगळे होतात. मुंबईहून येताना खारघरचे सी-डॅक हे संगणक-संशोधन केंद्र मागे पडते. घाट चढला की पुण्यात त्याच संस्थेचे मुख्यालय. तिथे घडलेल्या ‘परम’ महासंगणकांवर संशोधकाला कुठूनही लॉग-इन करता येते, अगदी फाट्यावर चहा पितानाही. मिळत नाही तो एकच: रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड.

यात अपमान नाही. एकाच यंत्रावर शेकडो जण नांदतात, तेव्हा एकाने सामाईक लायब्ररी बदलली तर दुसऱ्याचा चालू हिशेब कोसळू शकतो. म्हणून ‘ॲप्ट’ किंवा ‘यम’सारख्या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनांना सामाईक भागात लिहायचे तर रूटच लागतो.

मग एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी असणाऱ्याने करायचे काय? जुनी वाट म्हणजे सोर्स कोड उतरवायचा, ‘कॉन्फिगर’ला ‘प्रीफिक्स’ म्हणून आपली होम डिरेक्टरी द्यायची, ‘मेक’ चालवायचे आणि ‘पाथ’मध्ये आपले ‘बिन’ सर्वांत पुढे लावायचे. सांगायला सोपे. प्रत्यक्षात एका पॅकेजला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे, आणि संध्याकाळ होते.

यातून सुटायच्या वाटाही निघाल्या, आणि त्यांत १९९१ साल गमतीचे आहे. ‘परम ८०००’ त्याच वर्षीचा, लिनक्सही त्याच वर्षीचे, आणि एकाच प्रोग्रामच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवून हवी ती निवडू देणारी ‘मॉड्यूल्स’ची पद्धतही त्याच वर्षी मांडली गेली. २००३ मध्ये ‘निक्स’ या पॅकेज मॅनेजरने प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र खोली दिली. पुढे ‘कोंडा’ आणि ‘स्पॅक’ आले. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेले ‘स्पॅक’ तर महासंगणकांसाठीच. परस्परावलंबी पॅकेजे ते रूटशिवाय, वापरकर्त्याच्या घरातच बांधते.

किल्ली सर्वांना देऊनही पाहिली गेली. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या ‘फेडोरा १२’ या लिनक्स प्रणालीत यंत्रासमोर बसलेल्या साध्या वापरकर्त्याला डिजिटल सही असलेली पॅकेजे पासवर्डाविना टाकता येत होती. गहजब झाला आणि काही दिवसांतच ती सवलत मागे घेतली गेली. बरेच झाले. कॉलेजच्या लॅबमध्ये ती टिकली असती, तर लॅब सांभाळणाऱ्याचे काही खरे नव्हते.

घरच्या संसाराला खर्चही असतोच. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या एन्क्रिप्शन लायब्ररीतले ‘हार्टब्लीड’ भगदाड उघड झाले. सामाईक प्रत बदलायला ॲडमिन होते. होम डिरेक्टरीत बांधून ठेवलेली सदोष प्रत मात्र ज्याची त्यालाच पुन्हा बांधावी लागली.