एक चाल, चार माणसे: वॉर्साच्या टँगोची गोष्ट

१/ टँगो म्हटले की ब्युनोस आयर्स आठवते. परंतु दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपातील वॉर्सा हे शहरही टँगोचे मोठे केंद्र होते. आजची गोष्ट तिथल्या एका चालीची आणि तिच्याशी जोडलेल्या चार माणसांची.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्युनोस आयर्स आणि मोंतेव्हिदेओ या बंदरांत टँगो आकाराला आला. पहिल्या महायुद्धापूर्वी तो पॅरिसला पोहोचला आणि तिथून युरोपभर पसरला. वॉर्सातील आघाडीचे अनेक टँगोकार पोलिश ज्यू होते. त्यांच्या रचनांत व्हायोलिन पुढे आले आणि सुरांना विरहाची छटा चढली.

३/ हे संगीत घरोघरी नेले ते तबकड्यांनी. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे! त्यामुळे बहुधा आधी वाद्यवृंद वाजे आणि गायक मध्यावर येऊन केवळ ध्रुवपद गाई. ‘सिरेना रेकॉर्ड’ ही वॉर्साची प्रमुख कंपनी. तबकड्या लाखेच्या असत, आणि त्या काळी जगाला लागणारी बहुतांश लाख भारतातून जात असे.

४/ १९२९ साली येर्झी पेटर्सबुर्स्की यांनी ‘टँगो मिलोंगा’ रचला. पोलिश शब्द आंद्झेई व्लास्त यांचे. व्हिएन्नाचे गीतकार फ्रिट्झ लोएनर-बेडा यांनी त्याला जर्मन शब्द दिले आणि ‘ओ, डोना क्लारा’ या नावाने ही चाल युरोपभर गाजली.

५/ १९३८ साली नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. लोएनर-बेडा ज्यू होते. डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांनंतर त्यांना ऑशविट्झला नेण्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. व्लास्त वॉर्साच्या घेट्टोत अडकले. तेही महायुद्धातून वाचले नाहीत.

६/ तिसरे आर्तुर गोल्ड. पेटर्सबुर्स्की यांच्यासह ते वाद्यवृंद चालवीत. वॉर्साच्या ‘आद्रिया’ या प्रसिद्ध नृत्यगृहात तो वाजे. गोल्ड यांना त्रेब्लिंकाच्या संहारछावणीत पाठवण्यात आले. नाझींनी त्यांना तिथे कैद्यांचा वाद्यवृंद उभारायला लावला. नृत्यासाठी शिकलेली कला मारेकऱ्यांच्या करमणुकीला जुंपली गेली. १९४३ साली गोल्डही मारले गेले.

७/ चौघांपैकी वाचले ते पेटर्सबुर्स्की. युद्धाच्या धामधुमीत ते सोव्हिएत प्रदेशात गेले, पुढे पोलिश सैन्याबरोबर मध्यपूर्वेत आणि अखेर अर्जेंटिनात. टँगोच्या मायभूमीत काही वर्षे काढून ते पोलंडला परतले. १९७९ साली वॉर्सातच त्यांचे निधन झाले.

८/ त्यांचा आणखी एक टँगो १९३५ चा: ‘हा शेवटचा रविवार’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा. मियेचिस्लाव्ह फोग यांच्या आवाजात तो पोलंडभर पोहोचला. १९३७ साली सोव्हिएत रशियात त्याचे रशियन रूप ध्वनिमुद्रित झाले. निकिता मिखाल्कोव्ह यांच्या १९९४ च्या गाजलेल्या चित्रपटाचे नाव याच रशियन गीतावरून सुचले. चाल सीमा ओलांडत गेली; मूळ रचनाकाराचे नाव मात्र अनेक श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच नाही.

९/ १९३९ साली युद्धाबरोबर ‘सिरेना’चे काम थांबले. १९४४ च्या उठावानंतर नाझींनी वॉर्सा शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. ज्या तबकड्या आधीच परदेशी गेल्या होत्या किंवा कुणाच्या कपाटात वाचल्या, त्यांनी त्या शहराचा आवाज जपला.

१०/ म्हणून जुनी तबकडी हाती आली, तर तिच्या मध्यभागीची कागदी चकती अवश्य वाचावी. संगीतकार, गीतकार, वाद्यवृंद, गायक: चार ओळींत मावणारी नावे. सूर आपोआप टिकतात, कारण ते कुणालाही गुणगुणता येतात. नावे मात्र कुणीतरी मुद्दाम लक्षात ठेवावी लागतात. त्रेब्लिंकाला नेलेल्या बहुतेकांच्या नावानिशी याद्याही नाझींनी ठेवल्या नव्हत्या. आर्तुर गोल्ड यांचे नाव तबकडीवर आजही वाचता येते.