डोंगर हरवला होता का?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. माथेरानमध्ये माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या ओढणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय लावा, असा. बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला, आणि एकदम बऱ्याच वर्षांपूर्वीचा माझा एक तास आठवला.

तेव्हा मी कर्जतकडच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होते. आभाळ स्वच्छ असलं की वर्गाच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसायचा. आपल्या परिसराची ओळख म्हणून त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'इ.स. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानचा शोध लावला.' मुलं मुकाट्याने उतरवून घेत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीतून रोज चालत येणारा. म्हणाला, "बाई, म्हंजे त्याच्या आधी डोंगर हरवला होता?"

वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. "बस खाली," म्हटलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. अभ्यासक्रम संपवायचा होता ना!

तो खाली बसला. त्या वर्षात त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मी मुलांना बऱ्याच वेळा रागावले, क्वचित फटकेही दिले असतील, पण ते 'बस खाली' मला जास्त टोचतं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

मॅलेटची हकीकत अशी. १८५० च्या मे महिन्यात त्याचा मुक्काम चौकला होता. चौक म्हणजे मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. मे महिन्यातला तिथला उकाडा ज्यांनी सोसलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एका संध्याकाळी साहेब सहज म्हणून डोंगराकडे चालत निघाला आणि अर्ध्यापर्यंत चढून गेला. वरची हवा आवडली असणार. दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला सोबत घेऊन तो आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्याच्या बाजूने माथ्यावर पोचला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. पुढे त्याने वर घर बांधलं, पायवाटा पाडल्या. मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने माथेरान मनावर घेतलं, आणि गव्हर्नर जातो म्हटल्यावर मुंबईतले साहेबलोक आणि धनिक पारशी, बोहरी, भाटिये मागोमाग आलेच.

आता यात 'शोध' कुठे आहे ते बघा. एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं हे कुणाला सुचेल? ज्याला दोन्ही वाटा ठाऊक आहेत त्यालाच. पाटलाला त्या ठाऊक होत्या, कारण त्या वाटांनी ठाकर, कातकरी आणि धनगर पिढ्यान् पिढ्या ये-जा करत होते. लाकूडफाटा, मध, गुरांचा चारा, सगळं त्या रानातून यायचं. 'माथेरान', माथ्यावरचं रान, हे नावसुद्धा काही साहेबाने दिलेलं नाही. ज्या डोंगराला नाव आहे, वाट आहे, तो हरवलेला कसा? पण मी वाचलेल्या सगळ्या पानांत मॅलेटचं नाव, हुद्दा आणि साल आहे. वाट दाखवणारा मात्र नुसता 'चौकचा पाटील'.

माथेरानवरचं एक जुनं पुस्तक आहे, डॉ. स्मिथ नावाच्या इंग्रज डॉक्टरचं, १८७१ सालचं. त्याच्या नावातच या डोंगरावरची माणसं, झाडं आणि प्राणी असा क्रम आहे. माणसं पहिली आली हे एका परीने बरंच म्हणायचं. पण माणसं, झाडं, प्राणी एका ओळीत बसवली की त्या ओळीत लिहिणारा स्वतः कधी नसतो, हे ध्यानात ठेवावं.

पॉइंटांची नावं घ्या. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, एको. तलाव शार्लट. हे झालं विलायती माथेरान. आणि त्यांच्यामधूनच डोकावणारी नावं म्हणजे चौक, गारबट, रामबाग. शार्लट लेकच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे. तलावाला मडमेचं नाव मिळालं, पण देव पिसरनाथच राहिला. एवढी एक गोष्ट कुणाला बदलता आली नाही!

माथेरान वसलं ते माणसांच्या खांद्यावर, आणि हे मी अलंकारिक म्हणून म्हणत नाही. नेरळपर्यंत आगगाडी आली तरी पुढचा चढ तसाच होता. ज्याला परवडे तो टट्टूवर बसे नाहीतर पालखीत, आणि सामान हमालांच्या डोक्यावर. पीठमीठ, पेट्या, बंगल्यांचं सामानसुमान सगळं असंच वर गेलं. मग सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने पैसा घातला. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी डोंगर चढू लागली. त्या वळणांचं कौतुक मलाही आहे. जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा घरचं कुणी बरं होऊन आल्यासारखं वाटलं होतं. पण गाडी स्टेशनपर्यंतच. पुढे बंगल्यापर्यंत न्यायला खांदा होताच. पालखी गेली आणि हातरिक्षा आली, एवढाच फरक.

याच माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक घरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. आपले भाई कोतवाल. गावच्या लोकांच्या कष्टावर साहेबांची सुट्टी चालते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं असणार. ते शिकले, वकील झाले आणि परत आले. मुंबईत वकिली थाटली असती तर कोण नावं ठेवणार होतं? ते नगरपालिकेत गेले, आसपासच्या वाड्यांमधून शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं उभी केली. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांना आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील यांना मरण आलं. भाईंचं वय अवघं तीस.

मॅलेट मी मुलांना परीक्षेसाठी पाठ करून घेतला. भाई कोतवाल मात्र जयंती-पुण्यतिथीच्या भाषणापुरते. दोघं एकाच डोंगराचे, हे एका तासात एकत्र सांगायचं मला कधी सुचलं नाही.

मॅलेटवर माझा राग नाही हो. साहेबांना हवा खायला डोंगर हवा होता म्हणून झाडी राहिली, मोटारी वर आल्या नाहीत, आणि २००३ मध्ये सरकारने तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग ठरवला. हेही खरंच. पण मोटारीला बंदी असलेल्या गावात आजारी माणसाला, म्हातारीला, पाहुण्याला तांबड्या मातीच्या चढावरून एक माणूस पुढून ओढणार आणि दुसरा मागून ढकलणार, हे स्वातंत्र्यानंतरही इतकी वर्षं चाललं. मीसुद्धा एकदा बसलेय. गुडघे दुखत होते. पुढच्या माणसाची भिजलेली पाठ सबंध वाटभर समोर होती आणि मी झाडं बघत असल्याचं सोंग करत होते. उतरल्यावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. त्याने हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आज फळा समोर असता तर मी ते वाक्य असं लिहिलं असतं : 'इ.स. १८५० मध्ये चौकच्या पाटलाने ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याला माथेरान दाखवलं.' सालही तेच आणि माणसंही तीच, फक्त कर्ता बदलला. व्याकरणाच्या तासाला आम्ही हेच तर शिकवतो, वाक्यात आधी कर्ता शोधा!

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याच्या मुलाने शाळेत असाच प्रश्न विचारला, तर त्याच्या बाईंनी त्याला उभाच राहू द्यावा आणि म्हणावं, "नाही रे बाळा, हरवला नव्हता. तू सांग, तुझ्या आजोबांची वाट कुठून होती?"

असो. एका वाक्याची दुरुस्ती करायला बसले होते, बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणी चौककडून चढला असाल तर जरूर कळवा.