पाणी शुद्ध कुणी ठरवायचं?

'शुद्ध पाणी' हा शब्द आज जो तो वापरतो. टीव्हीवरची बाई वापरते, मशीन विकणारा वापरतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो. आपल्या माणसानं मात्र हा शब्द ऐकला की जरा थांबावं. पिढ्यान्‌पिढ्या याच शब्दानं आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं आहे. म्हणून वस्तीतली पोरं विचारतात, "विहिरीच्या पाण्याला घरात कोणतं यंत्र बसवावं?", तेव्हा उत्तराच्या आधी इतिहास सांगणं भाग आहे.

पाण्यातून रोग येतो हे जगाला कसं कळलं? १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी उसळली. जॉन स्नो या डॉक्टरानं मेलेल्यांची घरं शोधली आणि एका सार्वजनिक पंपावर बोट ठेवलं. त्या पंपाचा दांडा काढला गेला. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला पटकीचा जंतू कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. म्हणजे पुरावा आपल्याच देशातल्या तळ्यात मिळाला. हा जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जातो. त्याला जात कळत नाही. १८९० च्या दशकात आग्र्याचा हॅन्किन विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायला सांगू लागला. गुलाबी-जांभळं पाणी करणारं ते औषध पुढं किती तरी वर्षं विहिरींत पडत राहिलं.

आता महाडला या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तसाच ठराव केला. ठराव कागदावर, पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. आणि मग तळ्याची 'शुद्धी' झाली. दही, दूध, शेण, गोमूत्र यांनी भरलेली १०८ मडकी मंत्र म्हणत तळ्यात ओतली.

हे नीट ध्यानात घ्या. कॉखनं तळ्यात जंतू दाखवल्याला तेव्हा ४३ वर्षं झाली होती. पिण्याच्या पाण्यात शेण कालवलं आणि त्याला शुद्ध म्हटलं! आजच्या प्रयोगशाळेत त्या पाण्याची बाटली गेली असती तर 'पिण्यास अयोग्य' असाच शेरा पडला असता. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं पवित्र होतं, हे ठरवणाऱ्यांनी पाणी कधी तपासलं नव्हतं. त्यांनी पिणारा तपासला होता. पुढं कोर्टकचेरी झाली, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. एक दिवसाच्या पाण्यासाठी दहा वर्षं.

दुसरा इतिहास नारूचा. पायातून दोन-तीन फुटांचा जंत निघायचा, माणूस महिनोन्‌महिने खाटेला. बारवेच्या पायऱ्या उतरून नारूवाला पाण्यात पाय घाली, जंताची पिल्लं पाण्यात पडत, बारीक पाणकिडे ती गिळत आणि तेच पाणी लोक पीत. हा रोग देशातून घालवायला घरोघर यंत्रं बसवली नाहीत. पाणी दुहेरी फडक्यानं गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, पाण्यात औषध टाकलं, रोग्याला पाण्यात उतरू दिलं नाही. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. फडक्यानं काम झालं, कारण पाण्यात नेमकं काय आहे हे आधी ठाऊक होतं.

तिसरा इतिहास १९७२ च्या दुष्काळाचा. विहिरी आटल्या. त्याच साली बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली आणि गावोगाव हिंडून दाखवून दिलं की कायदा होऊनही पाणवठे वेगळेच आहेत. दुष्काळानंतर बोअर मारल्या गेल्या, हापसे आले. हापशाचं पाणी झाकलेलं, त्यामुळं त्यात जंतू कमी. पण खोल खडकातलं फ्लोराइड काही ठिकाणी पाण्यात उतरलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडले, म्हाताऱ्यांची हाडं आखडली. हे पाणी दिसायला निवळशंख. त्यात शेण नाही, गाळ नाही, वास नाही. तरी ते दुखणं देतं.

आता यंत्रवाला दारात आलाय. तो दोन खेळ करतो. पहिला खेळ: पेनासारखं एक मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि म्हणतो, "बघा ताई, किती घाण!" तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा. जंतू आहेत की नाहीत, फ्लोराइड किती, हे ते मीटर सांगत नाही. दुसरा खेळ: पाण्यात लोखंडी सळ्या घालून वीज सोडतो. पाणी तपकिरी-काळं होतं, बाया घाबरतात. ते काळं सळईचं लोखंड असतं, विहिरीची घाण नव्हे. पूर्वी मडकी ओतून शुद्धी करत, आता सळ्या बुडवून अशुद्धी दाखवतात. पाण्याची तपासणी तेव्हाही नाही, आताही नाही.

म्हणून क्रम असा धरा. आधी विहीर बघा. कठडा आहे का, भोवती ओटा आहे का, संडासाचा खड्डा किंवा उकिरडा १५ मीटरच्या आत आहे का. किती तरी गावांत आपली वस्ती उताराच्या अंगाला, गावाचं सांडपाणी आपल्याच आडाकडं. ते वळवल्याशिवाय यंत्र घेणं म्हणजे फुटक्या घागरीला झाकण.

मग जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दोन्ही तपासण्या करा, जंतूंची आणि रसायनांची. पावसाळ्यानंतर जंतूंची परत करा. आकडे लक्षात ठेवा: फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दीडच्या वर नको. नायट्रेट ४५ च्या वर नको. विष्ठेतला जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

मग यंत्र. जंतू असतील तर उकळा, नाहीतर क्लोरीन घाला. हजार लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम. विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, तासभर थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळा. अतिनील दिव्याचं मशीन जंतू मारतं, पण त्याला वीज लागते आणि स्वच्छ पाणी लागतं. फ्लोराइड त्यानं जात नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटून जास्तच दाट होतं. फ्लोराइडला ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाची गाळणी किंवा आरओ. नागपूरच्या नीरी संस्थेनं चुना आणि तुरटी वापरून करायची 'नालगोंडा' पद्धतही काढलेली आहे. नायट्रेट किंवा खारटपणा असेल तर आरओ, पण ते निम्मं आणि बऱ्याचदा निम्म्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईला हा हिशेब आधी सांगा. आणि कोणतीही गाळणी वेळेवर बदलली नाही तर तिचा उपयोग संपतो. तो खर्च विकत घेतानाच विचारा.

एक धोका राहिला. ज्याच्याकडं पैसा तो घरात मशीन लावेल आणि सामाईक विहिरीकडं पाठ फिरवेल. पूर्वी आपल्याला विहिरीवर येऊ दिलं नाही. आता विहीरच मरायला सोडतील आणि गरिबाला सांगतील, जारचं पाणी विकत घे. १९२७ ला आपण सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगितला होता. तो हक्क घरातल्या मशीनपुढं गहाण टाकायचा नाही. घरात यंत्र जरूर घ्या, पण ग्रामसभेत उठून विचारा, आमच्या विहिरीचा तपासणी अहवाल कुठं आहे? शेवटचं क्लोरीन कधी पडलं? अहवालाचा कागद विहाराच्या भिंतीवर लावा. पोराबाळांनी तो मोठ्यानं वाचावा. मग यंत्रवाल्याला बोलवा आणि त्या कागदापुढं उभं करून विचारा, "यातलं काय काय काढतोस, सांग."