हान पुनःस्थापनेनंतरची यादवी (इ.स. 23–36)

हान घराण्याला दूर सारून वांग मांगने इ.स. 9 मध्ये चीनमध्ये स्थापलेली शिन राजवट इ.स. 23 मध्ये कोसळली. तेव्हापासून साम्राज्य पुन्हा एकछत्री होईपर्यंतचा हा काळ. वरचेवर बदलणारी नाणी, जमिनीच्या खरेदी-विक्रीवरील बंदी आणि ह्वांग होचे पूर यांनी गांजलेले शेतकरी त्याआधीच उठले होते. हूपेतील ‘ल्यूलिन’ आणि शांतुंगमधील ‘लाल भुवया’ हे त्यांतील मोठे गट. लढाईत आपला माणूस ओळखू यावा म्हणून हे दुसरे बंडखोर भुवया लाल रंगवीत.

लोकांच्या मनात अजूनही हानांचे लिऊ हेच कुलनाम होते. ल्यूलिन सरदारांनी कर्तबगार लिऊ यानला डावलून त्याचा भाऊबंद लिऊ श्वान याला ‘गंगशी’ सम्राट केले. दुबळा राजा त्यांना सोयीचा होता. गादीवर बसताना त्याला घाम फुटला आणि तोंडातून शब्द निघेना, असे उत्तरकालीन हानांच्या इतिहासात नमूद आहे. त्याचा धाकटा भाऊबंद लिऊ श्यू याने वांग मांगच्या फौजेविरुद्धची कुनयांगची लढाई जिंकली. तरीही त्याच वर्षी श्यूचा थोरला भाऊ लिऊ यान याला सम्राटाने ठार करविले. पुनःस्थापना इथेच नासली. राजधानी छांगआनला आल्यावर उशिरा पोचलेल्या सेनानींना गंगशीने विचारले ते लुटीत काय मिळाले हे!

‘लाल भुवयां’च्या म्होरक्यांना त्याने पदव्या दिल्या, जहागिरी नाहीत. ते बिथरले आणि इ.स. 25 मध्ये राजधानीवर चालून गेले. वाटेत त्यांनी आपलाही लिऊ सम्राट निवडला, तोही चिठ्ठ्या टाकून. तीन उमेदवारांसाठी पेटीत तीन चिठ्ठ्या होत्या, त्यांतल्या दोन कोऱ्या. भरलेली चिठ्ठी निघाली पंधरा वर्षांच्या लिऊ पन्झच्या हाती. गुरे राखणारा हा पोरगा अनवाणी, फाटक्या कपड्यांत, रडवेला उभा होता. गंगशी त्यांना शरण गेला आणि पुढे गळा आवळून मारला गेला. छांगआन जळाले, लुटले गेले.

उत्तरेत लिऊ श्यूने त्याच वर्षी ‘ग्वांगवू’ म्हणून राज्यारोहण केले आणि लुओयांगला राजधानी केली. उपाशी ‘लाल भुवया’ इ.स. 27 मध्ये त्याला शरण आले. छंगतूत स्वतःला सम्राट म्हणवणारा गोंगसुन शू मात्र इ.स. 36 पर्यंत टिकला. विजेत्या ग्वांगवूने पन्झला जीवदान दिले. पुढे दृष्टी गेलेला हा माजी सम्राट शिंगयांगच्या बाजारातील दुकानांच्या करावर अखेरपर्यंत जगला.