काच वाकली कशी? केशनलिकेच्या तुटण्याचा इतिहास

१/ गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्राच्या भट्टीत केसासारख्या बारीक नळीचे वेटोळे टांगलेले असते. लांबी बहुधा ३० मीटर, आतला व्यास पाव मिलिमीटर. मिश्रणातील घटक या नळीतून जाताना वेगळे होतात. ही नळी काचेचीच. तरीही ती वाकते. आणि कधी कधी, कोणी हातही न लावता, तुटते. या दोन्ही गोष्टींची मुळे एकाच इतिहासात आहेत.

२/ १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी प्रत्यक्षात आणली. त्यांच्या नळ्या जाड होत्या आणि आत भुकटी ठासून भरलेली असे. १९५७ साली मार्सेल गोले यांनी निराळा विचार मांडला: भुकटी नकोच. अरुंद, मोकळ्या नळीच्या आतल्या भिंतीवर द्रवाचा पातळ थर पुरेसा आहे.

३/ कल्पना उत्तम, पण नळी कशाची करायची? पोलाद मजबूत खरे; मात्र त्याचा पृष्ठभाग अनेक संयुगांना धरून ठेवी किंवा त्यांचे विघटन करी. काच त्या मानाने शांत. १९६० साली डेनिस डेस्टी आणि सहकाऱ्यांनी जाड काचनळी तापवून, ओढून तिचे बारीक वेटोळे करणारे यंत्र प्रसिद्ध केले.

४/ काचेने विश्लेषण सुधारले, विश्लेषकाची परीक्षा मात्र सुरू झाली. वेटोळ्याची टोके यंत्राला जोडण्यासाठी ज्योतीवर सरळ करावी लागत. हात किंचित चुकला की नळी मोडे, आणि तीवर घेतलेले कष्ट वाया जात. तंत्र श्रेष्ठ असूनही ते कुशल हातांपुरतेच राहिले.

५/ काच मुळात एवढी दुबळी का? याचे उत्तर १९२१ सालीच ग्रिफिथ यांनी दिले होते. काचेचे अंगभूत बळ मोठे असते. तिला घातक ठरतात त्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरा. ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे सरकते.

६/ १९७९ साली हिंडेलांग येथील परिषदेत डँडेनो आणि झेरेनर यांनी फ्यूज्ड सिलिकाच्या केशनलिका मांडल्या. प्रकाशतंतूंच्या तंत्राशी नाते सांगणारी ही नळी अतिशुद्ध सिलिकाची, पातळ भिंतीची आणि बाहेरून आवरण असलेली होती. पुढे पॉलिइमाइडचे तपकिरी आवरण रूढ झाले. सामर्थ्य सिलिकाचे, ते आवरणाने राखले.

७/ येथेच आजच्या तुटण्याचे मर्म आहे. डेस्टींचे वेटोळे त्याच आकारात थंड झालेले असे. सिलिकाची नळी मात्र सरळ ओढली जाते आणि सक्तीने गुंडाळली जाते. ती कायम ताणाखाली असते. आवरणावर एक ओरखडा पडला, की चिरेला वाट मिळते. मोड दिवसांनी, कधी आठवड्यांनी दिसतो.

८/ म्हणून कारण शोधताना मोडलेली जागा आधी पाहावी. तेथे नळी धातूच्या चौकटीवर, नावाच्या पट्टीवर किंवा भट्टीच्या भिंतीवर घासत होती का? पंख्याची कंपने आणि तापण्या-निवण्याची आवर्तने तो घास वाढवतात. वळण फार आवळ नव्हते ना? रुंद नळीत तेच वळण अधिक ताण आणते, म्हणून ०.५३ मिलिमीटरची नळी अधिक जपावी लागते.

९/ भट्टी थंड असताना मोड झाला असेल, तर दोन्ही टोके काटकोनात स्वच्छ कापून जोडणीने सांधता येतात. भट्टी गरम असताना तुटली, तर आत शिरलेली हवा मोडापुढच्या भागातील थर जाळून टाकते. तो भाग बहुधा निकामी होतो. वाहक वायू हायड्रोजन असेल, तर प्रश्न नळीपुरता उरत नाही: गळलेला हायड्रोजन बंद भट्टीत साचून स्फोट होऊ शकतो. म्हणून आधी वायू बंद, मग तपास.

१०/ गोले यांनी नळी मोकळी केली, डेस्टी यांनी काच ओढली, डँडेनो व झेरेनर यांनी ती हाताळण्याजोगी केली. ग्रिफिथ यांचा नियम मात्र कोणीही बदलला नाही. तो फक्त काही मायक्रोमीटर जाडीच्या तपकिरी थराआड थोपवून धरला आहे.