आधी मंडळी, मग मंदिर

‘सिनॅगॉग’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादी इमारत उभी राहते. पण या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे एकत्र जमणे. म्हणजे आधी मंडळी, घर मागाहून. आपल्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, त्याचीही रीत हीच. आधी माणसे जमली, मग इमारती आल्या.

रोमन साम्राज्यात ज्यू लोक गावोगाव विखुरलेले होते. ज्यूलियस सीझरने मंडळ्यांवर बंदी घातली, पण ज्यूंच्या सभांना सूट दिली, असे इतिहासकार जोसेफस नोंदवतो. यरुशलेमला १९१३-१४ च्या उत्खननात एक ग्रीक शिलालेख सापडला. थिओडोटस नावाचा सभाप्रमुख त्यात सांगतो की, धर्मशास्त्राच्या वाचनासाठी आणि परगावच्या पांथस्थांसाठी आपण ही वास्तू बांधली. आजा सभाप्रमुख, बाप सभाप्रमुख, आणि हाही! म्हणजे प्रार्थनागृह, शाळा आणि धर्मशाळा एकाच छपराखाली. म्हणूनच इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, तरी धर्म उरला.

आता आपल्या कोकणात या. दिवे गावचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, ही आडनावे मराठीच ना? हे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शतकानुशतके त्यांना प्रार्थनामंदिर नव्हते. घरोघरचे शब्बाथ आणि काजीचा शब्द, एवढ्यावर समाज टिकला. पुढे कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर मंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केला, अशी परंपरा आहे. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात ‘शाअर हारहमिम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, उभे राहिले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. कारभार पाहायला मुकादम आणि चौगुले. पाहा, ग्रीकांच्या सभाप्रमुखाला आमच्या मातीतली नावे मिळाली! पुढे योसेफ-मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनेही झाली.

१९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. सार्वजनिक प्रार्थनेला, जुन्या रीतीप्रमाणे, दहा प्रौढ पुरुष लागतात. भिंती शाबूत आहेत. पण दहावा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न कोकणातल्या मंदिरांपुढे आहे. वाचकहो, आपल्या गावातली एखादी संस्था पाहताना आपण इमारत बघतो. पुढच्या वेळी माणसे मोजून बघा.